थोरलीचा पाट

आधी आम्हाला फक्त आवाज ऐकू आला.

महालक्ष्म्यांची आरती चालू होती. काचीगुड्यात एकाच मजल्यावर आमची दोन घरं आहेत, समोरासमोर. एकात मी आणि माझे यजमान, दुसऱ्यात मोठे दीर आणि जाऊबाई. देव त्यांच्याकडे, म्हणून सणही त्यांच्याकडे आणि सणाची दगदगही त्यांच्याकडे. दोन आरत्यांच्या मधे सगळे जरा श्वास घेतात, पुढची कुठली म्हणायची म्हणून एकमेकांकडे बघतात. तेवढ्या शांततेत कुठेतरी बारीक टिकटिक चालली होती. घड्याळाची नव्हे, घड्याळाच्या कितीतरी पट जलद. दिरांनी जाऊन फ्रिजवर थाप मारली. माझ्या यजमानांनी शोकेसच्या काचा दाबून पाहिल्या. जाऊबाईही "काय वाजायलंय गं?" म्हणत स्वयंपाकघरात डोकावून आल्या. आवाज थांबला. सगळे आपापल्या जागी परतले, पुढची आरती झाली, आणि ती संपल्यावर पुन्हा तीच टिकटिक.

नंतरचे काही महिने तो आवाज अधूनमधून येत राहिला आणि शोधायला निघालं की थांबत राहिला. आम्ही त्याची थट्टा करायचो. मी म्हणायचे, तुमच्या घरात उंदीर असेल आणि तोही सरकारी नोकरीतला, साहेब आले की गप्प बसणारा. दिरांची सगळी हयात सरकारी कचेरीत गेली, त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मग एका दुपारी मी लोणच्याची बरणी परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं. लाइट गेलेली, पंखे बंद, बाहेरच्या रस्त्यावरही क्षणभर काहीच वाजत नव्हतं. जाऊबाई देवघरासमोर पाठमोऱ्या उभ्या राहून पोथी वाचत होत्या. टिकटिक येत होती आणि ती त्यांच्या पायांतून येत होती. त्यांची जुन्या घडणीची सैल जोडवी फरशीवर वाजत होती. वर हात अगदी स्थिर, पोथीचं पानही हलत नव्हतं. खाली निऱ्या थरथरत होत्या. वारा नव्हता. एकाच बाईचा वरचा अर्धा भाग वाचतोय आणि खालचा अर्धा दुसरंच काहीतरी करतोय, असं ते दिसत होतं.

"वैनी," मी म्हटलं. त्या वळल्या, माझ्याकडे दोन पावलं आल्या आणि सगळं थांबलं. निऱ्या शांत, जोडवी शांत.

"कधी आलीस? बरणी कशाला आणलीस इतक्यात, राहू द्यायची."

मी त्यांना खाली बसवलं आणि विचारलं. त्यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग माझा हात धरला. "उभं राहिलं की पायात काहीतरी शिरायलंय बघ. चाललं की जातंय. बसलं की जातंय. नुसतं उभं राहिलं की येतंय. कुणाला सांगू नको."

मी आठवीला विज्ञान शिकवते, जामबागेतल्या शाळेत. कुणाला सांगू नको म्हटलं की मी पहिल्यांदा डॉक्टरला सांगते.

आमचे घरचे डॉक्टर स्टेशनजवळ बसतात. त्यांनी जाऊबाईंना दोन्ही हात समोर धरायला लावले आणि ताणलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. थायरॉइड वाढलं की हातांना इतका बारीक कंप येतो की डोळ्याला दिसत नाही, कागदावर मात्र दिसतो. कागद जागचा हलला नाही. दिरांना कुठे राहवतंय? "माझ्याही हातावर ठेवा बरं," म्हणाले, आणि कागद फडफडत खाली. डॉक्टर हसले. दिरांच्या हातांचं आम्हाला काही नवल नव्हतं. कप उचलला की चहा बशीत, सही करायला घेतली की अक्षर नाचणार, पण हात मांडीवर टेकवले की गपगार. सासऱ्यांचेही तसेच होते. डॉक्टर म्हणाले, हा तुमच्या घराण्याचा कंप, काम करताना येणारा. याचा आणि वहिनींच्या पायांचा काही संबंध नाही. थायरॉइडचा रिपोर्टही चांगला आला. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या.

ताकद आली नाही, तेव्हा आम्ही एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बरोबर उलटं बघितलं. हात मांडीवर सैल पडलेले असताना अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलतात का, चालताना दोन्ही हात झुलतात का, अक्षर बारीक होत गेलंय का, चेहरा मख्ख झालाय का, वास येतो का. जाऊबाईंना सगळे वास येत होते. खालच्या कँटीनमधली करपलेली फोडणी त्यांनी वरच्या मजल्यावरून ओळखली आणि "मोहरी नाही, जिरं करपलंय" असंही सांगितलं. तरी वय बघून पार्किन्सनच्या गोळ्या चालू करून पाहू, असं ठरलं. त्या गोळ्यांनी जाऊबाईंना नुसत्या उलट्या झाल्या. पाय होते तसेच.

तिसऱ्यानं सगळे कागद बाजूला सारले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बसल्या की ठीक, चालल्या की ठीक, झोपल्या की ठीक. मग राहिलं काय? मनाचं आहे हे. टेन्शन देऊ नका त्यांना."

बाहेर रिक्षात बसल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे मी सोंग करायलेय का गं?" मला त्या डॉक्टरचा इतका राग आला होता की मी रिक्षावाल्यालाच ओरडले. तो बिचारा म्हणाला, "मैं क्या करा अम्मा?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जाऊबाई दिरांची दुसरी बायको. पहिली लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेली. मी तिला पाहिलेलंही नाही. घरात तिला सगळे थोरली म्हणतात. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा चांदीचा टाक देवात ठेवायचा आणि रोज आधी त्याला हळदकुंकू लावायचं, मग आपल्या कपाळाला, अशी आमच्याकडची रीत. त्या टाकावर बाईची नुसती आकृती आहे, नाक-डोळे झिजून गेलेत. जाऊबाईंनी तीसेक वर्षं त्या सपाट तोंडाला कुंकू लावलं. कधी हेवा नाही, कधी चेष्टा नाही. पण सणावारी नवी साडी नेसायच्या आधी ती तिच्यापुढे ठेवायच्या आणि जरा थांबायच्या, परवानगी मिळाल्यासारखं वाटेपर्यंत.

त्याच सुमारास वन्सं आल्या. माझ्या या नणंदबाई नांदेडला असतात, मनानं चांगल्या आहेत, फक्त त्यांना सगळं आधीच माहीत असतं. संध्याकाळच्या आरतीला त्यांनी पाहिलं की घरची मोठी सून आरतीच्या मधेच मागे सरकते, स्वयंपाकघरात जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते. आरती संपेपर्यंत बाई देवापुढे टिकेना. दुसऱ्या दिवशी वन्संनी जाऊबाईंचा दंड धरून त्यांना उभं ठेवलं आणि ती थरथर स्वतःच्या हाताला लागू दिली. मग वन्सं पांढऱ्या पडल्या.

"वैनी चुलीपुढे उभ्या राहिल्या तर काही होत नाही," त्या मला आमच्या घरात येऊन म्हणाल्या. "रस्त्यानं चालताना होत नाही. फक्त देवापुढे. फक्त तिच्या टाकासमोर. आता तूच सांग."

खरं बोलायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. शाळेत शिकवते म्हणून माझं रक्त काही वेगळं नाही.

वन्संचं म्हणणं सरळ होतं. जिला आरती सहन होत नाही, तिच्यात दुसरं कुणीतरी आहे, आणि ते कोण हे उघड आहे. ते जाईतोवर पुढच्या महालक्ष्म्यांना मुखवटे आत आणायचा मान जाऊबाईंना द्यायचा नाही, धाकटीनं आणावेत. धाकटी म्हणजे मी. मी म्हटलं, मला नको तो मान. त्यावर जाऊबाई दारातून म्हणाल्या, "घे की. माझी जागा कुठे होती ती? तिचीच होती. आता मागायलीय तर देऊन टाकावी." हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मला रडू फुटलं. आजार काय, होतो आणि जातो. पण या बाईनं ज्या घरात आयुष्य घालवलं, त्या घरात आपण भाड्यानं राहत होतो असं तिला वाटायला लागलं होतं.

त्यांना अंगातलं उतरवणाऱ्या देवीच्या एका ठाण्यावर न्यायचं ठरलं. मी भांडले, माझ्या यजमानांनी माझ्यापुढे हात जोडले, दिरांनी कप खाली ठेवला तो बशीवर खडखडत राहिला, आणि शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, जाऊन येऊ. मग मीही गेले. त्यांना एकटीला सोडणार नव्हते.

बिदरच्या रस्त्याला आत वळल्यावर एक उघडंबोडकं गाव आहे, त्याच्या कडेला पत्र्याचा मांडव. भर दुपार होती, सावली पायाखाली आलेली. मी रात्रीची, अंधाराची तयारी मनात करून गेले होते. तिथे सगळं लख्ख दिसत होतं आणि त्याचीच जास्त भीती वाटली. बायका रांगेत उभ्या, केस सोडलेले, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी घरचं माणूस धरून. हलगी वाजत होती. नियम एकच. आरती संपेपर्यंत कुणी बसायचं नाही. मधे बसायला मिळेल ते फक्त आतल्यानं आपली ओळख सांगितली तर. मग पुजारी पाणी देतो आणि खाली बसवतो.

वन्संनी जाऊबाईंचा अंबाडा सोडला. त्यांचे केस इतके पांढरे झालेत हे मला तेव्हा कळलं. एका बाजूला वन्सं, दुसऱ्या बाजूला मी. हलगी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात माझ्या हाताला ते जाणवलं. थंडीनं माणूस कुडकुडतं तसं नाही. आत कुठेतरी यंत्र चालू केल्यासारखं, एकसारखं, न चुकता. त्यांनी माझं मनगट आवळलं. घाम गळत होता, ओठ पांढरे. "पडते मी," त्या पुटपुटल्या. वन्संनी दंड आणखी घट्ट धरला. शेजारची एक पोरगी घुमायला लागली, तिच्या पलीकडची ओरडायला लागली, आणि पुजारी एकीकडून दुसरीकडे करत आमच्यासमोर आला.

"कोण तू?" त्यानं विचारलं. "बोल. कौन है?"

जाऊबाईंनी डोळे उघडले. मला वाटलं होतं, घोगरा आवाज निघेल, काहीतरी भलतंच निघेल. त्या भाजीवाल्याशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "मी थोरली."

वन्संच्या तोंडून हुंदका आला.

"काय पाहिजे तुला?"

"बसू द्या मला."

पुजाऱ्यानं खूण केली. आम्ही त्यांना खाली बसवलं, आणि बटण दाबावं तशी ती थरथर थांबली. माझ्या हाताखालचं ते यंत्र एका क्षणात बंद. सगळ्या मांडवानं ते पाहिलं. लोकांनी हात जोडले. वन्सं ढसाढसा रडत होत्या. आणि मी, आठवीला विज्ञान शिकवणारी बाई, मीही हात जोडले होते. ओळख सांगितली आणि ते थांबलं, हे मी स्वतःच्या हातानं अनुभवलं होतं.

घरी आल्यावर वन्संनी एका दिवसात सगळं केलं. थोरलीनं बसायला मागितलं होतं, म्हणून नवा सागवानी पाट आला. देवघराच्या शेजारी तो मांडला, त्यावर हिरवी साडी घडी करून ठेवली, साडीवर हिरव्या काचेच्या बांगड्या, रोज ताजं फूल. त्या पाटावर कुणी बसायचं नाही. जाऊबाईंनी रोज त्याच्या शेजारी उभं राहून पूजा करायची. काम झालं म्हणून वन्सं समाधानानं नांदेडला गेल्या.

काही दिवसांनी दिरांनी मला हाक मारली. ते दारातच थांबले होते, आत पाऊल टाकायला तयार नव्हते. देवघरासमोर जाऊबाई आरती म्हणत उभ्या होत्या आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर बांगड्या आपोआप किणकिणत होत्या. बारीक, जलद, थांबत नव्हत्या. जाऊबाईंची नजर देवावर नव्हती, बांगड्यांवर होती. गालावरून पाणी ओघळत होतं आणि आरती चालूच होती.

मी कशी आत गेले मला माहीत नाही. खाली वाकून पाहिलं तर जाऊबाईंच्या पायाची बोटं पाटाच्या कडेला लागलेली. मी पाट हातभर बाजूला ओढला. किणकिण थांबली. पुन्हा चिकटवला, पुन्हा सुरू. दिरांना म्हटलं, या इकडे, बघा. ते आले नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि ठाण्यावरची दुपार पुन्हा पुन्हा आठवत राहिली. एकदम मी उठून बसले. तिथे दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या. त्यांनी ओळख सांगितली आणि त्या बसल्या. आम्ही सगळ्यांनी ओळख धरली, बसणं सोडून दिलं. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मग मी त्यांच्या मागावर राहिले. ओट्यापाशी त्या पोट टेकवून उभ्या राहतात, तेव्हा काही होत नाही. भाजीच्या बंडीपाशी हातगाडीला हात लावून उभ्या राहतात, काही नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर बोलता बोलता पावलं मागेपुढे करत राहतात, काही नाही. कशाचाही आधार न घेता, जागचं न हलता त्या दिवसभरात एकाच ठिकाणी उभ्या राहायच्या, देवापुढे. कारण देवापुढे भिंतीला टेकायचं नाही, पाय बदलत उभं राहायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. सासूबाई टेकलेल्या सुनेला नुसत्या डोळ्यांनी सरळ करायच्या. म्हणजे टाकासमोर होत होतं ते टाकामुळे नव्हतं. मी त्यांना बाहेर गॅलरीत, मोटारी आणि बसचा गोंगाट चाललेला असताना, कठड्याला हात न लावता उभं केलं. जोडवी वाजायला लागली. इतका आनंद मला कुणाच्या आजाराचा कधी झाला नव्हता.

हे सगळं मी हिमायतनगरच्या एका न्यूरॉलॉजिस्टबाईंना सांगितलं. साड्यांच्या दुकानावर वरच्या मजल्यावर त्यांचं क्लिनिक आहे. त्यांनी माझं मधे न तोडता ऐकून घेतलं, त्याबद्दलच मी त्यांची ऋणी आहे. मग जाऊबाईंना खोलीच्या मधोमध नेलं, भिंतीपासून, टेबलापासून लांब. "निलबडंडि अम्मा," त्या म्हणाल्या, उभ्या राहा. आणि काहीच केलं नाही. नुसत्या थांबल्या. खोलीत एसीची घरघर तेवढी होती, ती त्यांनी बंद केली. जाऊबाईंचा चेहरा उतरायला लागला, तशा डॉक्टरबाई गुडघ्यांवर बसल्या, आधी तळहात मांडीवर ठेवला, मग स्टेथोस्कोप लावला. छातीला नव्हे, मांडीला. डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग नळ्या माझ्या कानांत घातल्या.

आत काहीतरी येत होतं. लांबून, खूप लांबून, थड थड थड थड, एकसारखं, जराही न चुकणारं. डॉक्टर याला हेलिकॉप्टरचा आवाज म्हणतात, असं त्या नंतर म्हणाल्या. मला दार लावलेल्या पिठाच्या गिरणीचा वाटला. माझ्या ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या, वरणाला हिंग जास्त घालणाऱ्या बाईच्या पायात ते चाललं होतं आणि तिला ऐकू येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप दुसऱ्या मांडीला लावला. तोच ठोका, तीच गती.

"कूर्चोंडि," त्या म्हणाल्या, बसा. जाऊबाई खुर्चीवर बसल्या आणि माझ्या कानातला आवाज पुसल्यासारखा गेला. नुसतं मांस आणि शांतता.

पायांना तारा लावून पुढच्या आठवड्यात तपासणी झाली, तिच्यातही तेच निघालं. ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर, फक्त उभं राहिल्यावर येणारा कंप. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. काम करताना हलतो तो एक, हात स्वस्थ असताना हलतो तो दुसरा, ते डोळ्यांना दिसतात म्हणून लोक ते शोधतात. हा इतका जलद असतो की दिसण्याआधी ऐकू येतो, आणि कुणी पायाला कान लावत नाही. फार कमी जणांना होतो, म्हणून पुष्कळदा मनाचा समजला जातो. जीवाला धोका नाही. एक गोळी देते, थोडा फरक पडेल, पूर्ण जाईलच असं नाही. मी विचारलं, पण येतो कुठून? दोन्ही पायांत एकच ठोका कसा? त्या म्हणाल्या, मेंदूतून येतो एवढं कळलंय, का सुरू होतो ते कुणाला पक्कं माहीत नाही. "चालत राहा, टेका, नाहीतर बसा. नुसतं उभं राहू नका, बास."

म्हणजे त्यांच्यात थोरली नव्हती. काय होतं, ते मात्र कुणी नीट सांगू शकत नव्हतं. मी त्या दिवशी जिने उतरताना खूश होते आणि घाबरलेलीही होते.

महालक्ष्म्यांना वन्सं आल्या. मी त्यांना रिपोर्ट दाखवले, सगळं सांगितलं, अगदी पाटाला लागलेल्या बोटांसकट. त्या शहाण्या आहेत, ऐकलं की ऐकतात. जाऊबाईंजवळ गेल्या, त्यांचे हात हातात घेतले. "चुकलं माझं, वैनी. मुखवटे तुम्हीच आणा. हा पाट उचलून ठेवू आपण माळ्यावर."

"नक्को," जाऊबाई म्हणाल्या. "राहू दे."

"आता कशाला? ती थोरली नव्हतीच ना? तुम्ही तिथे बोललात ते..."

"मीच बोलले." त्या वाती वळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "दवाखाने सुरू झाल्यापासून मी तुम्हा सगळ्यांना सांगायले होते, मला उभं राहावत नाही, बसू द्या. कुणी खुर्ची सरकवली का? तिच्या नावानं एकदा म्हटलं, तर पाट आला, साडी आली, बांगड्या आल्या, रोज फूल आलं."

माझंही वेगळं नव्हतं. डॉक्टर मी पुष्कळ केले होते, खुर्ची मीही दिली नव्हती.

"मग मुद्दाम म्हणालात, थोरली म्हणून?" मी हळूच विचारलं.

त्यांनी वात तेलात बुडवली. "बसायचं होतं मला. ओळख सांगितल्याशिवाय ते बसू देईनात. म्हणून मनातल्या मनात तिला विचारलं, घेऊ का तुझं नाव?"

"मग?"

"मग काय. तिनं नाही म्हटलं नाही."

संध्याकाळी मुखवटे त्यांनीच आणले, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, हळदीकुंकवाच्या पावलांवरून. चालताना त्यांना काहीच होत नव्हतं. आरतीची वेळ झाली तसे दीर प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले, तिचे पाय त्यांच्या हातात खडखडत होते. जाऊबाईंनी ती परत न्यायला सांगितली. पाटाजवळ गेल्या, वरची साडी बांगड्यांसकट एका बाजूला सारली, तिची घडी नीट केली आणि उरलेल्या जागेत बसल्या. पाट चांगला ऐसपैस होता, त्या अगदी कडेला बसल्या होत्या.

"वैनी, मागे सरकून नीट बसा की," वन्सं म्हणाल्या.

"बरी आहे. दोघींना पुरतो."

मग त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि त्यांच्याभोवती आम्ही सगळ्यांनी उभं राहून आरती म्हटली.